बिनखिडकीची खोली

गादीच्या दुकानात गिऱ्हाईक शेवटी एकाच प्रश्नावर येतं. कापूस बघून झाला, काथ्या झाला, फोम झाला, स्प्रिंगवर बसून दोनदा उसळून झालं, की ते जरा पुढे वाकतं आणि आवाज उतरवून विचारतं, "खरं सांगा, तुम्ही स्वतः घरी कोणती वापरता?"

मी म्हणतो, "हीच." यात खोटं काही नसतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक जातीची एक गादी आधी माझ्या घरी जाते आणि महिनाभर बायको तिच्यावर झोपते. म्हणजे आडवी होते. झोप तिला येत नाही.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. आमच्याकडे तोही धड मिळत नव्हता. रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या फटीतून नेमका तिच्या उशीवर उतरायचा. मी जाड पडदे लावले, मग पडद्यांना अस्तर लावलं, मग दाराखालच्या फटीला फोमची पट्टी ठोकली. उजेड थांबला तर आवाज राहिले. फ्रिज बंद पडल्याचा आवाज माझ्या बायकोला ऐकू येतो. चालू झाल्याचा कोणालाही येईल. डॉक्टरांनी तिला तपासून विचारलं, "काही काळजी आहे का?" ती म्हणाली, "आहे ना. झोप लागत नाही याची." डॉक्टरांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "गादी चांगली वापरा."

दुपारी ती दुकानात गल्ल्यावर बसते. डोळ्यांखाली काळं, हातात पावतीपुस्तक, आणि मागे भिंतीवर माझीच पाटी: 'निश्चिंत झोपा.' एकदा एका बाईंनी मला टाळून थेट तिलाच विचारलं, "वहिनी, तुमचा अनुभव काय या गादीचा?"

बायको स्वभावाने खरी आहे. म्हणाली, "छत छान दिसतं."

त्या बाई परत आल्या नाहीत. मी गल्ला खांबाआड सरकवला.

पण धंद्याचं सोडा. माणूस स्वतःच्या बायकोला झोपवू शकत नाही आणि गावाला झोपवायला निघतो, हे मलाच रोज सकाळी टोचायचं. डोळे उघडले की मी पहिलं वाक्य बोलायचो ते, "लागली का झोप?" ती म्हणायची, "लागली होती थोडी." मग दिवसभर त्या 'थोडी'चा मी हिशेब करायचो. थोडी म्हणजे कालच्यापेक्षा जास्त की कमी. उशी बदलावी की बाजू.

अशात साडूने बोटीची टूम काढली.

माझे साडू मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी, स्वतःच्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे त्यांना जगात कुठेही दुसऱ्याच्या हातात काही असलं की पाय दाबायची सवय आहे. मी ताटात वाढून घेताना ते "बास, बास, हळू" म्हणतात. मला ते 'गादीपती' म्हणतात. मी त्यांना काही म्हणत नाही, कारण ते बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत आणि मला गाडी शिकवायला त्यांनीच सुरुवात केली होती. शिकवून पूर्ण केली नाही, इतकंच.

"मोठी बोट," साडू म्हणाले. "आठवडाभर समुद्र. दोन्ही जोडपी. शेजारी-शेजारी बाल्कनीच्या खोल्या घेऊ. सकाळी उठलं की पडदा सारायचा, समोर सूर्य."

पडदा सारायचा, समोर सूर्य. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर, इतक्या वर्षांच्या मेहनतीने सूर्य बाहेर ठेवलेल्या बाईच्या चेहऱ्यावर, नेहमीचा थकलेला सभ्यपणा होता.

त्या दिवसापासून मी बोटीचा अभ्यास सुरू केला.

बोटीवर तीन प्रकारच्या खोल्या असतात. एक, बाल्कनीची. दोन, नुसत्या गोल खिडकीची. तीन, आतली. आतल्या खोलीला खिडकीच नसते. लोक ती नाइलाजाने घेतात आणि परत आल्यावर त्याबद्दल बोलत नाहीत. मी मात्र वाचता वाचता उठून बसलो. खिडकी नाही म्हणजे फट नाही. फट नाही म्हणजे उजेड नाही. जी गोष्ट मी पडदे, अस्तरं आणि पट्ट्या लावून मिळवू शकलो नव्हतो, ती कोणीतरी मुळातच बांधून ठेवली होती, आणि जग तिला कमीपणा समजत होतं.

बुकिंगवाल्याच्या ऑफिसात आम्ही चौघंही गेलो. त्याने टेबलावर बोटीचा नकाशा पसरला.

"आतलीच हवी," मी म्हणालो. "पण कुठलीही आतली नाही. बोटीच्या मधोमध, कारण टोकाला डुलते. खालच्या मजल्यावर, कारण वर जास्त डुलते. डोक्यावर स्वयंपाकघर नको, नाचायचा हॉल नको. लिफ्टजवळ नको. दोन खोल्यांच्या मधे दार असतं तसली नको, शेजारचा खोकला येतो."

बुकिंगवाला पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "साहेब, लोक समुद्र बघायला जातात."

"समुद्र बाहेर असतो ना? बाहेर जाऊन बघू. झोपायला आत."

"अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक आहे," साडू म्हणाले, "पण गादीपती, तुमच्याकडे अंथरुणांचं गोदाम आहे."

मेहुणीबाईंनी थेट बहिणीलाच धरलं. "तू बोल ना काहीतरी. फडताळात निजवतोय हा तुला. बाबांनी तुला तीन खिडक्यांच्या घरात वाढवलं."

"ताई, त्या तीन खिडक्यांतून मला रात्रभर तुझं पुस्तक वाचणं दिसायचं," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला वाटतंय ना लागेल? मग घ्या."

'तुम्हाला वाटतंय ना' हे मी परवानगी म्हणून घेतलं. आता विचार केला तर ती दमलेल्या माणसाने दिलेली सही होती.

नातेवाइकांत बातमी पसरली ती अशी, की गादीवाल्याचा धंदा बसला. एका लांबच्या काकांनी फोन करून "काही लागलं तर सांग" म्हटलं, आणि मी काही सांगायच्या आत फोन ठेवला.

खोली मात्र माझ्या अपेक्षेहूनही उत्तम निघाली. दार लावलं, दिवा घालवला, आणि स्वतःचा हात नाकासमोर धरला तर हात नव्हता. डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय, हिशेब एकच. मी दिवा लावून गादी मुठीने दाबून पाहिली, कडेला बसून पाहिली, शिवण तपासली. स्प्रिंगची, वर फोमचा थर, कडा पक्क्या. माझ्या दुकानात असती तर मी ती खिडकीत मांडली असती.

भिंतीवर एक पडदा होता. चांगला जाड, मापात शिवलेला. बायकोने तो बाजूला केला. मागे भिंत.

ती बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली आणि मग हसली. "तुमच्यासारखाच कोणीतरी भेटलेला दिसतोय यांना."

त्या रात्री मी असा झोपलो, की सकाळ झाली हे घड्याळावर विश्वास ठेवून मानावं लागलं. अंधारातच मी विचारलं, "लागली का झोप?"

"छान लागली," अंधार म्हणाला. मी उशीत तोंड खुपसून देवाचे आभार मानणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "तुम्हाला. मी ऐकत होते."

"आणि तुला?"

"एवढा अंधार केलाय, एवढी शांतता केलीय, आता नाही लागली तर कधी लागणार, असं मनात आलं. मग त्याचाच विचार करत बसले."

पहिलीच रात्र, मी म्हटलं. नवीन जागा. नवी गादी अंगवळणी पडायला वेळ लागतो, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. गिऱ्हाईक ऐकून घेतं, तसं तिनेही घेतलं.

नाश्त्याला साडू आणि मेहुणीबाई आली ती भिंत धरत. साडूंचे डोळे लाल होते.

"सूर्योदय पाहिला," साडू म्हणाले. युद्धावरून आलेला माणूस जसं "पाहिलं" म्हणतो तसं. "काय सांगू."

"पहाटे उठवलं मला," मेहुणीबाई म्हणाल्या. "बाल्कनीचे पैसे भरलेत म्हणे, सूर्योदय चुकवून चालणार नाही. आणि सूर्यास्तही चुकवायचा नाही. आणि चंद्र निघाला तर तोही."

"आणि ते दार," साडू म्हणाले. "बाल्कनीचं सरकतं दार. वारा सुटला की खडखड, खडखड. मी रात्रभर पाय लावून धरलं होतं."

ब्रेक, असं बायकोच्या आणि माझ्या एकदमच मनात आलं. तिने चहाचा कप तोंडाशी नेला.

दुपारी दोघं आमचं फडताळ बघायला आली. मेहुणीबाईंनी दारातूनच "अगंबाई" म्हटलं, पडद्यामागची भिंत पाहिली, बहिणीच्या दंडावरून हात फिरवला आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. इथे माझ्या तोंडातून एक वाक्य निघून गेलं. इतकी वर्षं माणसं गादीच्या कडेला टेकली, की माझ्या तोंडातून ते आपोआप निघतं.

"झोपून बघा."

त्या झोपून बघायला लागल्या आणि झोपल्याच. साडू म्हणाले, "ही अशी कुठेही," आणि त्यांना उठवायला म्हणून पलीकडच्या बाजूला बसले, मग कोपरावर रेलले, मग कोपर घसरलं. मी दिवा घालवला आणि दार लोटून घेतलं. बाहेर बायको उभी होती, हातात साडूंच्या खोलीचं कार्ड.

"ताईने येतानाच दिलं. म्हणाली, आम्ही येईपर्यंत बाल्कनीत बस."

"बस थोडा वेळ," मी म्हणालो. "पाहुणे आहेत."

आता सांगायला हरकत नाही, मला आनंद झाला होता. माझ्या निवडलेल्या गादीवर, माझ्या निवडलेल्या अंधारात, माणसं पडल्या पडल्या झोपत होती, आणि तीही ती, ज्यांनी मला हसून घेतलं होतं.

पण ओसरी दिली की माणूस हातपाय पसरतो. दुसऱ्या दिवशी साडू जेवणावरून उठले ते थेट आमच्या खोलीकडे. आणि साडूंना एखादी गोष्ट कळली की ती त्यांनी शोधलेली असते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी सगळ्यांना समजावलं, बोटीच्या मधोमध का, खालच्या मजल्यावर का, स्वयंपाकघराखाली का नको. माझंच वाक्य, माझ्याच देखत. त्यांच्या मजल्यावरचे एक दातांचे डॉक्टर होते; बाल्कनीत शेजारचा माणूस पहाटे व्यायाम करतो आणि आकडे मोठ्याने मोजतो, म्हणून हैराण झालेले. त्यांना साडू घेऊन आले.

"पाच मिनिटं फक्त," डॉक्टर संकोचून म्हणाले. "अंधार कसा आहे ते बघतो."

मी काय म्हणणार. "झोपून बघा."

डॉक्टर तोंड उघडं टाकून झोपले, त्यांच्याच पेशंटसारखे. त्यांच्यानंतर एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. "मला दिवसा झोप येत नाही, मी नुसती पडते," असं म्हणून नुसत्या पडल्या आणि असल्या घोरल्या, की समोरच्या खोलीतला माणूस बाहेर येऊन कान लावून गेला. खोली आवरणारा नोकर पहिल्या दिवशी दार उघडून माफी मागायचा. नंतर तो पलंगात कोण आहे हे न बघताच चादर घडी करून ठेवायचा. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागलो. कोणाला उशी उंच हवी, कोणाला सपाट, मी आधीच विचारून ठेवायचो. दोन माणसांच्या मधे उशीचा अभ्रा उलटा करायचो. इतका रंगलो, की एकाला हमी किती वर्षांची तेही सांगून बसलो.

बायको दुपारी पुस्तक आणि ताईचं कार्ड घेऊन निघून जायची. रात्री आम्ही आमच्या खोलीत. मी झोपायचो, ती ऐकायची.

"लागली?" मी विचारायचो.

"मुख्याध्यापिकांच्या तेलाचा वास येतोय उशीला," ती म्हणाली एकदा. तक्रार नव्हती ती. वास कुठून येतोय एवढंच सांगितलं.

खोली मी कोणासाठी घेतली होती? जिच्यासाठी नकाशावर बोट ठेवून एक-एक दार, एक-एक नळ टाळला, ती एकटीच या पलंगावर जागी होती. आणि परतीला फार दिवस उरले नव्हते. परत गेलो की तोच रस्त्यावरचा दिवा, तोच फ्रिज, आणि नव्या गाद्यांचा माल तोवर गोदामात येऊन पडलेला असणार. इथे जमलं नाही तर जगात कुठे जमणार होतं? माझ्याकडे दाखवायला आता दुसरा अंधार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडू आपलं आवरून दारात हजर. मी दार अडवलं.

"आज नाही."

"म्हणजे?"

"आज तिला झोपायचंय."

"मग कालच सांगायचं. मी जेवण हलकं घेतलं असतं." साडूंचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. "आणि गादीपती, इतके दिवस तुम्हीच सगळ्यांना बोलवताय. आता गाडी रस्त्यावर आणून एकदम थांबवता?"

"तुमची बाल्कनी आहे ना? सूर्य बघा."

"सूर्य बघून झालाय," साडू इतक्या खऱ्या दुःखाने म्हणाले, की मला क्षणभर वाईट वाटलं. त्यांच्या मागे डॉक्टर उभे होते, पायात सपाता घालून. मी दाराला आतून कुलूप घातलं नाही, बाहेरून ओढून घेतलं, दोघांना तिथेच सोडलं आणि बायकोला आणायला वरच्या मजल्यावर निघालो. वाटेत वाक्य जुळवत होतो: आज खोली मोकळी आहे, चादर नवी घातलीय, कोणी येणार नाही, तू फक्त पड.

साडूंच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ऊन. पडदा पूर्ण सारलेला. सरकतं दार अर्धवट उघडं, वाऱ्याने खडखड, खडखड. बाजूच्या बाल्कनीत तो व्यायामवाला मोठ्याने आकडे मोजत होता. वर कुठेतरी भोंग्यातून कसल्या तरी स्पर्धेची घोषणा चालली होती. आणि बाल्कनीत, प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या आरामखुर्चीत, तोंडावर थेट ऊन घेऊन, एक पाय खाली लोंबकळत, माझी बायको झोपली होती.

पडली नव्हती. झोपली होती. फरक मला कळतो. तोच माझा धंदा आहे. ओठ किंचित सुटले होते, हातातलं पुस्तक पोटावर उपडं पडलं होतं आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. इतक्या वर्षांत मी तिचा झोपलेला चेहरा नीट पाहिलाच नव्हता, कारण तेवढा उजेड मी कधी ठेवला नव्हता.

मी शेजारची रिकामी खुर्ची मुठीने दाबून पाहिली. सवयीने. पट्ट्या ताणून सैल झालेल्या, मधे खोलगट, पाठीला आधार नाही, मानेला तर काहीच नाही. अशी वस्तू माझ्या दुकानात कोणी आणली तर मी ती फुकटही ठेवून घेणार नाही. दार खडखडलं. मी ते पायाने धरलं, आणि ती कुशीवर वळली, कपाळाला आठी घालून, शांततेनेच झोप मोडत असल्यासारखी. मी पाय काढला. दार परत खडखडायला लागलं, आठी गेली.

मग साडू आलेच. दारातून डोकावून, दबक्या आवाजात, कारण माणूस झोपलेला दिसला की आता त्यांनाही धंद्यातली अदब कळायला लागली होती.

"इथे झोपलीय?" ते म्हणाले. "उजेडात?"

"हो."

"आवाजात?"

"हो."

त्यांनी खिशातून त्यांच्या खोलीचं दुसरं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "तुमचं द्या."

अदलाबदल झाली. साडूंनी त्यांची बॅग उचलली, मेहुणीबाईंच्या चपला काखेत मारल्या आणि जाताना पडद्याकडे, त्याच्यामागच्या आख्ख्या समुद्राकडे, सुटका झालेल्या माणसासारखं पाहिलं. पुढे घरी गेल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आतली खोली ही त्यांचीच कल्पना होती आणि गादीपतींना ती शेवटपर्यंत झेपली नाही. ते लांबचे काका परत फोन करून म्हणाले, "बाल्कनी घेतलीस म्हणे शेवटी. जमलं ना? बरं झालं."

पण ते नंतर. त्या दुपारी ऊन उतरू लागलं तशी बायको हलली. डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मी पाहिलं की तिचा चेहरा हळूहळू आवळतोय. परीक्षेचा कागद समोर आल्यावर आवळतो तसा. ती माझ्या प्रश्नाची वाट बघत होती. प्रश्न माझ्या ओठांवर आलाच होता. इतक्या सकाळींची सवय. लागली का झोप. तीन शब्द, आणि प्रत्येक सकाळी मी ते एका रात्र जागलेल्या माणसाच्या उशाशी नेऊन ठेवत होतो.

"समुद्र कसा आहे?" मी विचारलं.

तिने मान वळवून कठड्यापलीकडे पाहिलं. इतके दिवस रोज दुपारी ती इथे येत होती.

"आत्ताच बघतेय," ती म्हणाली. मग शेजारच्या खुर्चीकडे हात केला. "पडा ना तुम्हीपण."

मी पडलो. पट्ट्या कंबरेत रुतल्या, मान अधांतरी राहिली, ऊन डोळ्यांत. पलीकडचा माणूस परत एकपासून मोजायला लागला.

"मधे खोल आहे हो ही," मी म्हणालो. "आणि मानेला आधारच नाही. उद्या उशी मागवू का एखादी?"

उत्तर आलं नाही. मी मान वळवायला गेलो, ती वळली नाही. पण श्वास ऐकू येत होता, दाराच्या खडखडीतूनही, आणि तो मोजायचा नाही असं मी ठरवलं.